मागचं उजवं चाक

लाकडाच्या वखारीचा मालक गाव्रिला हा इतका सरळ माणूस होता की त्याच्याशी बोलताना माणसाला धाप लागायची. चौघं मित्र त्याच्याकडे मदत मागायला गेले, तेव्हा त्यानं सगळं शेवटपर्यंत ऐकलं, पेन्सिल कानामागे खोचली आणि विचारलं, "पळणार किती जण?"

"आम्ही चौघं," लिजिया म्हणाली.

"कुठपर्यंत?"

"गुरुवारी इथून निघायचं, रविवारी डॅन्यूबवर. डोंगरातून एकशे ऐंशी किलोमीटर."

"आणि तुम्ही पळालात म्हणून मी त्या वेताबाईला जीप द्यायची."

"नव्या जीपचा आग्रह नाही. बाई बारा गावांची नर्स आहे, वय एकसष्ट, तिची गाडी तीन वर्षांपूर्वी मोडली आणि तेव्हापासून ती इंजेक्शनं द्यायला पायी फिरते. हिवाळ्यातसुद्धा."

गाव्रिला उठला आणि त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेला. तिथे एक हिरवी जीप चार ओंडक्यांवर ठेवलेली होती. तिची चाकं काढून भिंतीला टेकवली होती.

"चार माणसं, चार चाकं," तो म्हणाला. "जो पायी पोचेल त्याचं चाक बसेल. मध्येच जो गाडीत चढला त्याचं चाक माझ्याकडे राहील."

"तीन चाकांची जीप घेऊन ती काय करणार?" लांबेनं विचारलं. लांबेचं पूर्ण नाव हारालांबिए. तो बस चालवायचा, त्यामुळे चाकांबद्दल त्याला आस्था होती.

"त्याचा विचार तुम्ही पळताना करा," गाव्रिला म्हणाला. मग त्यानं खडू घेतला आणि प्रत्येक चाकावर एकेक नाव लिहिलं. लिजिया पुढचं डावं, लांबे पुढचं उजवं, ओलिंपियू मागचं डावं. मागच्या उजव्या चाकावर लिहिलं होतं, तिबेरियू.

तिबेरियू, म्हणजे तिबी, त्या चाकाकडे बराच वेळ बघत उभा राहिला. माणसाला आयुष्यात कशाचं तरी प्रतीक व्हायची संधी मिळते, पण बहुतेकांना निदान टायर तरी बरा मिळतो. त्याचा गुळगुळीत झाला होता.

लिजिया औषधाच्या दुकानात काम करायची, म्हणून तिचा मोजमापावर गाढ विश्वास होता. तिनं चौघांसाठी चार दिवसांचा तक्ता केला होता आणि पाऊस आला तरी भिजू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिक चढवून घेतलं होतं. दर वीस मिनिटांनी एक पाकीट, तासाला साठ ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, अर्धा लीटर पाणी. पाकिटात एक चिकट रस असायचा. वर लिहिलेलं असायचं "केळं." तो रस बनवणाऱ्याला केळ्याचं वर्णन कुणीतरी फोनवर सांगितलं असावं.

"भुकेची वाट बघायची नाही," लिजियानं बजावलं होतं. "भूक लागली म्हणजे उशीर झाला. पोट म्हणजे भट्टी. कोळसा टाकत राहायचा."

"आणि भट्टीनं नको म्हटलं तर?" तिबीनं विचारलं.

"भट्टी बोलत नाही."

तिचा दुसरा नियम मनाचा होता. पाय थांबायला लागले की आपण का पळतोय ते आठवायचं. म्हणून निघायच्या आधी प्रत्येकानं आपलं कारण मोठ्यानं सांगायचं. लांबे म्हणाला, डॉक्टरनं सांगितलंय की बसून बसून तू एक दिवस सीटला चिकटशील. ओलिंपियू जमिनी मोजायचा आणि एरवीही फारसा बोलायचा नाही. तो म्हणाला, "अंतर." एवढंच. लिजिया म्हणाली, बाई पायी फिरते ते मला बघवत नाही. तिबी म्हणाला, "माझं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं. सगळे वर-खाली जाताना बघितले. एकदा आडवं जाऊन बघायचंय."

सगळे हसले. खरं कारण तसंच राहिलं.

खरं कारण असं होतं. तिबीचे वडील, लेओंतिन, त्या बारा गावांपैकी शेवटच्या गावात एकटे राहायचे. दोन हिवाळ्यांपूर्वी ते आजारी पडले. वेतामावशी बावीस दिवस गुडघाभर बर्फातून रोज सात किलोमीटर जायची, इंजेक्शन द्यायची, चूल पेटवून द्यायची आणि परत फिरायची. तेविसाव्या दिवशी ती परत फिरली नाही, त्यांच्याजवळ बसून राहिली. त्या वेळी तिबी क्रायोवा शहरात, आठव्या आणि नवव्या मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टमधून एका वकिलाला बाहेर काढत होता. वकील तीन तास कायद्याची कलमं म्हणत होता. तिबी घरी पोचला तेव्हा वडिलांना आंघोळ घालून, नवे कपडे चढवून, सगळं आवरलेलं होतं. त्याला करायला काहीच उरलं नव्हतं. त्यानंतर तो त्या गावाकडे फिरकला नव्हता.

हे तो कुणाला सांगत नसे. हे सांगताना विनोद कुठे बसवायचा ते त्याला सापडलं नव्हतं.

पहिला दिवस तक्त्याप्रमाणे गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन असं पडलं की डांबर बुटांच्या तळव्यांशी ओळख वाढवायला लागलं. सत्तराव्या किलोमीटरला तिबीनं नेहमीप्रमाणे केळ्याचं पाकीट फोडून गिळलं. भट्टीनं ते परत केलं. वीस मिनिटांनी त्यानं दुसरं गिळलं. तेही परत आलं, जरा जोरात. मग मीठ परत आलं, मग पाणी. संध्याकाळी ते एका शाळेत मुक्कामाला थांबले, तिथे त्यानं दोन चमचे सूप घेतलं आणि पोटाच्या निकालाची वाट बघितली. निकाल लगेच लागला.

शनिवारी सकाळी लिजियानं त्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"तू रिकामी बाटली झालायस," ती म्हणाली.

"रिकामी बाटली हलकी असते. चढाला बरं."

"तिबी, ऐक. मी मस्करी करत नाहीये. दुपारपर्यंत तुझ्या पोटात काही टिकलं नाही, तर मी तुला पहिल्या बसमध्ये बसवणार."

"शनिवारी या रस्त्यावर बस नाही," लांबे म्हणाला. त्याला वेळापत्रकं पाठ होती.

"मग दुधाच्या गाडीत. चाक गेलं तरी चालेल, तू जायला नकोस."

तिबीला त्या ओंडक्यावरच्या जीपची आठवण झाली. तीन चाकं आणि मागच्या उजव्या बाजूला एक ओंडका घेऊन वेतामावशी बर्फातून निघालीय. त्यानं बुटाची नाडी घट्ट केली आणि पळायला लागला. त्याला पळणं म्हणणं हा म्हणणाऱ्याचा मोठेपणा होता.

"सत्त्याण्णव," ओलिंपियू म्हणाला, आणि रस्ता एका टेकडीवरच्या गावात शिरला.

बावीस घरांचं गाव, त्यातली राहती नऊ. नऊ घरांत नऊ म्हाताऱ्या. आज पितरांचा शनिवार होता. या दिवशी घरोघरी आपल्या गेलेल्या माणसाच्या नावानं कोरा मातीचा मग भरायचा, मगाच्या कानाला चेरी बांधायच्या, काठावर मेणबत्ती लावायची आणि वर पाव ठेवून परक्याच्या हातात द्यायचा. परक्यानं खाल्लं की ते त्या माणसाला पोचतं. अडचण एवढीच होती की गावात परकं कुणी उरलं नव्हतं. गेली सात-आठ वर्षं नऊ जणी एकमेकींनाच मग देत होत्या. सकाळी निघालेला मग दुपारपर्यंत गावभर फिरून जिथून निघाला तिथे परत यायचा. वरती कुणी नीट लक्ष देत असेल तर हे एव्हाना त्याच्या ध्यानात आलं असणार, अशी सगळ्यांना धास्ती होती.

आणि आज त्या रस्त्यावरून चार अनोळखी, उपाशी माणसं स्वतःच्या पायांनी गावात येत होती.

नऊ म्हाताऱ्या फाटकांतून बाहेर आल्या. त्यांचा वेग बघून लांबे आपसूक रस्त्याच्या कडेला झाला.

सगळ्यात पुढे होती फिलोफ्तेया आजी. ती येऊन थांबली आणि चौघांच्या छातीकडे बघायला लागली. चौघांच्या शर्टांवर वेतामावशीचा फोटो छापलेला होता आणि खाली लिहिलं होतं, "वेतासाठी." फोटो ओळखपत्रावरून घेतला होता, आणि ओळखपत्रावर कुणीही गेल्यासारखंच दिसतं.

"बिचारी," आजीनं छातीवर क्रूस काढला. "कधी गेली?"

"गेली नाही आजी," लिजिया म्हणाली. "वेतामावशी जिवंत आहे. ती पायी फिरते, तिला जीप मिळावी म्हणून आम्ही डॅन्यूबपर्यंत पळतोय."

"असेल की," आजी समजुतीनं म्हणाली. "आमचेही सगळे आहेत." आणि मागे वळून तिनं झामफिरा आजीला हाक मारली, "झामफिरे, अजून एक नाव धर गं. वेता म्हणून आहे. बिचारी बाई पायानं चालायची."

लिजियाच्या तक्त्यात याला रकाना नव्हता.

फिलोफ्तेया आजीनं मग तिबीसमोर धरला. आत साखर आणि अक्रोड घालून शिजवलेले गहू, वर पावाचा तुकडा आणि मेंढीच्या दुधाचं चीज. दिवसाढवळ्या काठावर छोटीशी ज्योत.

"आजी, याला देऊ नका," लिजिया मध्ये पडली. "कालपासून याच्या पोटात पाणीसुद्धा टिकत नाही."

"मी याला कुठं देतेय?" आजी म्हणाली. "मी पांतेलिमोनला देतेय. हा नुसतं तोंड उसनं देणार."

तिबीनं हात पुढे केला नाही. त्याला दिसत होतं की यावर करण्यासारखे निदान पाच विनोद आहेत, आणि त्यातला एकही त्याच्या जिभेवर येत नव्हता.

"पांतेलिमोन कोण, आजी?"

"माझा नवरा. चौदा वर्षं झाली. त्याला एकदा डॅन्यूब बघायची होती. जन्मभर म्हणायचा, एवढं पाणी एका जागी कसं मावतं ते बघून यायचंय. चालत दोन दिवसांची वाट. पण गाय होती. गाईला सोडून कसा जाणार? गाय मेली तोवर त्याचे गुडघे गेले." तिनं मग आणखी पुढे केला. "तुम्ही तिकडेच चाललाय ना? घेऊन जा त्याला. आणि हे बघ पोरा, बाहेर काढू नकोस. काढलंस तर म्हातारा तिथेच वाटेवर बसून राहील. रस्ता विचारायचा त्याचा स्वभाव नाही."

तिबीनं मग घेतला.

"देव त्यांना पदरात घेवो," तो म्हणाला. घेताना असंच म्हणायचं असतं. हे त्यानं लहानपणापासून शंभरदा म्हटलं होतं, चेरी पटकन मिळाव्यात म्हणून.

त्यानं गव्हाचा एक चमचा तोंडात घातला. सगळे बघत होते. नऊ म्हाताऱ्या, तीन मित्र आणि कुंपणावर बसलेली एक कोंबडी. तो सावकाश चावत होता. त्याला वाटत होतं, आपण आपलं काही खात नाही आहोत. एका म्हाताऱ्याला उंबऱ्यावरून हात धरून आत घेतोय, जपून, डोकं चौकटीला लागू नये म्हणून. बसा काका. इथे जरा अंधार आहे. सवय होईल.

घास खाली गेला आणि तिथेच राहिला.

दुसरा गेला. पाव गेला, चीज गेलं. मग झामफिरा आजी तिच्या भावाला घेऊन आली, चर्चची घंटा वाजवणारा, उंचीला भ्यायचा तरी चाळीस वर्षं रोज मनोऱ्यावर चढायचा. तो चेरीच्या रूपात आला होता. त्याच्यामागे कुणाची जाऊ, कुणाची तान्ही मुलगी. तिच्या वाट्याला फक्त एक साखरेचा खडा होता, कारण ती तीन दिवसच जगली होती आणि तिला काय आवडायचं ते कळायला वेळच मिळाला नव्हता. तिबीनं तो खडा जिभेवर ठेवला आणि विरघळेपर्यंत कुणाकडे बघितलं नाही.

"तासाला साठ ग्रॅम," लिजिया पुटपुटली. "याचे झाले दोनशे."

"तुझं कुणी गेलंय का रे?" फिलोफ्तेया आजीनं निघताना विचारलं.

"वडील."

"त्यांच्या नावानं कोण देतं?"

तिबीनं मगाच्या कानात बोट घातलं आणि काढलं. "मी शहरात असतो, आजी."

"मी तेच विचारलं," आजी म्हणाली.

मेणबत्ती फुंकायची नसते, ती आपली आपण विझू द्यायची. म्हणून चौघंही हातात पेटती मेणबत्ती धरून गावाबाहेर पडले. भर दुपार, डोक्यावर तापलेला सूर्य, रिकामा घाटरस्ता आणि ज्योत विझू नये म्हणून तळव्याचा आडोसा करून पळणारी चार घामेजलेली माणसं. पाठीवरच्या पिशव्यांना बांधलेले मग एकमेकांवर आपटून वाजत होते. समोरून एक दुधाची गाडी आली. ड्रायव्हरनं त्यांच्याकडे बघितलं, गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि टोपी काढली. कुणीच हसलं नाही. लांबेसुद्धा नाही, आणि लांबे अंत्यविधीतही हसतो.

"नव्व्याण्णव," ओलिंपियू म्हणाला. दोन किलोमीटर. सगळं आत होतं.

"शंभर." होतं.

एकशे पाचला लिजियानं विचारलं, "कसं वाटतंय?"

"गर्दी आहे," तिबी म्हणाला. "पण भांडत नाहीत."

त्या दिवशी वाटेत आणखी चार गावं लागली. पहिल्या गावातून पुढच्या गावाला फोन गेला असणार, कारण प्रत्येक वेशीवर म्हाताऱ्या रांगेत उभ्या होत्या आणि वेताचं नाव त्यांच्या आधी पोचलेलं होतं. तिसऱ्या गावात तर पाद्रीबुवांनी वेताचं नाव गेलेल्यांच्या यादीतही घातलं होतं आणि ती किती सोसून गेली हे वाचून दाखवलं. लिजियानं तिथेही खुलासा करायचा प्रयत्न केला. पाद्रीबुवा म्हणाले, मुली, दुःख मान्य करायला वेळ लागतो.

बायका चौघांनाही मग देत होत्या, पण तिबीला विशेष. त्याच्या तोंडावरूनच दिसत असावं की इथे जागा आहे. बायका मग देताना हळूच काहीतरी सांगत. हा गोड खायचा नाही, पण आता खातो. हिला घाई करू नकोस, ती सावकाश खायची. याच्याशी मी शेवटचे तीन महिने बोलत नव्हते. एवढं सांगून ती बाई आत निघून गेली आणि पावाचा दुसरा तुकडा घेऊन परत आली.

नावं विसरली जातील याची तिबीला भीती वाटायला लागली. त्यानं लिजियाकडे पेन्सिल मागितली. लिजियानं तक्त्याचं प्लॅस्टिक दातांनी फाडलं, कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःच्या औषधी अक्षरात लिहायला लागली. पांतेलिमोन, गहू आणि चीज. घंटावाला नीफोन, चेरी. तीन दिवसांची मुलगी, साखर. संध्याकाळी मुक्कामाला पोचेपर्यंत एकोणीस नावं झाली होती.

"जमलं तर सांग," ती कागद देताना म्हणाली, "तू खरं का पळतोयस?"

तिबीनं सांगितलं. वकिलासकट सांगितलं. वकिलाचं ऐकून ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. लांबेनं स्वतःचं केळ्याचं शेवटचं पाकीट काढलं, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "हे कुणाच्याच नावानं देता येणार नाही रे." आणि परत ठेवलं.

रविवारी सण होता, सकाळी घराघरांच्या दारावर अक्रोडाच्या फांद्या खोचलेल्या होत्या. शेवटचे चाळीस किलोमीटर. त्यातला शेवटचा चढ असा आहे की त्यावर बकऱ्यासुद्धा मध्ये थांबून आपल्या निर्णयाचा फेरविचार करतात. तिबीचं पोट शांत होतं, पण पाय त्याचे राहिले नव्हते. बाकीचे तिघं हळूहळू पुढे गेले. त्यानंच त्यांना पुढे पाठवलं. "चाकं एकदम पोचली पाहिजेत असं काही ठरलेलं नाही," तो म्हणाला.

एकटा पडल्यावर तो नावं म्हणायला लागला. एका पावलाला एक नाव. पांतेलिमोन. नीफोन. तीन दिवसांची मुलगी. एकोणीस पावलं झाली की परत पहिल्यापासून. तो मोजत नव्हता, आठवत नव्हता, स्वतःला धीरही देत नव्हता. एकोणीस माणसांना चढावर नेणारा माणूस मध्येच खाली बसू शकत नाही, एवढंच होतं. शेवटच्या वळणावर त्याला गुडघ्यांवर हात टेकून वर जावं लागलं, आणि अचानक चढ संपला.

खाली डॅन्यूब होती.

दोन्ही बाजूंनी डोंगर सरळ पाण्यात उतरले होते आणि मध्ये ती, रुंद, हिरवी, तिला कुठलीही घाई नव्हती. एक लांबलचक मालवाहू जहाज तिच्यावर नखाएवढं दिसत होतं. तिबी या काठाजवळ वाढला होता. हे पाणी त्यानं हजारदा बघितलं होतं, त्यात पोहला होता, त्यात थुंकला होता. पण एवढं पाणी एका जागी कसं मावतं, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

त्यानं कागद काढला आणि एकेक नाव मोठ्यानं वाचलं. प्रत्येक नावानंतर थोडा थांबला, म्हणजे ज्याला त्याला बघायला वेळ मिळेल. कुणाला आतून नीट दिसत नसेल म्हणून त्यानं तोंडही जरा उघडं ठेवलं. तो विनोद करत नव्हता. पांतेलिमोनला त्यानं सगळ्यांत जास्त वेळ दिला. गाय सांभाळणाऱ्याला घाई करून चालत नाही.

यात अर्धा तास गेला.

खाली काठावरच्या गावात दवाखान्यासमोर गर्दी होती. मध्यभागी ती हिरवी जीप उभी होती, तीन चाकं आणि एक ओंडका. गाव्रिलानं ती ट्रकवरून आणली होती आणि प्रत्येक जण पोचला की तो एक चाक बसवत होता. आता तो चौथं चाक मांडीवर घेऊन, पाना हातात धरून, जमिनीवर बसला होता. सकाळपासून त्यानं कुणाच्या घरी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. मोजायला आलेल्या माणसानं खाऊ नये, असं त्याचं म्हणणं.

तिबी वळणावर दिसला तेव्हा कुणी ओरडलं नाही. लांबे वाटेत जाऊन उभा राहिला, हात पसरून, बस थांबवतात तसा. तिबी येऊन त्याच्यावर आदळला. गाव्रिलानं त्याच्या बुटांकडे बघितलं, चढाच्या रस्त्याकडे बघितलं, आणि मागच्या उजव्या बाजूला जाऊन जॅक फिरवायला लागला.

वेतामावशी दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. बुटकी, टोपी बांधलेली, जिवंत.

"या," ती म्हणाली. "मला आत्ताच कळलं मी वारले."

"आम्ही सांगत होतो मावशी," लिजिया म्हणाली. "कुणी ऐकेना."

"किती गावांनी केलं माझं?"

"पाच. आणि यादीत पण घेतलंय."

"पाच," मावशीनं मान हलवली. "काही लोक जिवंतपणी स्वतःचं दिवसकार्य करून घेतात, त्यांना एका गावाला जेवण घालताना नाकी नऊ येतात. माझं पाच गावांनी केलं आणि मला चूलही पेटवावी लागली नाही. चला, ते काम संपलं. आता वर कुणी वाट बघत असेल तर बघू दे. मला गाडी मिळालीय."

मग ती आत गेली आणि एक मग घेऊन आली. मातीचा, कोरा. कानाला बांधलेल्या चेरी कालच्या होत्या, थोड्या सुकलेल्या. मेणबत्ती अजून लावायची होती.

"हा तुझ्या बापाचा," ती तिबीला म्हणाली. "दोन वर्षं मीच देते. काल या धावपळीत घ्यायला कुणी नव्हतं, राहून गेला."

तिबीनं दोन्ही हात पुढे केले. कालची सवय. "देव त्यांना..." त्यानं सुरुवात केली.

"अरे थांब," मावशी म्हणाली. "आपल्या माणसाचं आपण घ्यायचं नसतं. द्यायचं असतं. घे, लाव मेणबत्ती."

त्यानं लावली. काडी तीनदा विझली. मग तो मग घेऊन इकडेतिकडे बघायला लागला. सगळ्या गर्दीनं सकाळपासून भाजलेलं कोकरू खाल्लं होतं. लांबेच्या हनुवटीवर अजून चरबी होती. उपाशी माणूस तिथे एकच होता, आणि तो जीपखाली आडवा पडून शेवटचा नट आवळत होता.

तिबी त्याच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. गुडघ्यांनी आक्षेप घेतला. "गाव्रिलाकाका, हे लेओंतिनच्या नावाचं. माझ्या वडिलांच्या."

गाव्रिला बाहेर सरकला. काळे हात त्यानं विजारीला पुसले, पुन्हा पुसले, आणि मग दोन्ही हातांनी मग घेतला. "कसे होते?" त्यानं विचारलं. सरळ माणूस. नाव घेतलं तर माणूस कोण होता ते कळलं पाहिजे.

तिबीनं मगावरच्या ज्योतीला तळव्याचा आडोसा केला.

"माझ्याकडे शहरात एकदाच आले होते," तो म्हणाला. "आठवा मजला. त्या इमारतीची लिफ्ट मीच दुरुस्त केलेली होती. तरी जिन्यानं चढले. वर येऊन म्हणाले, तुझ्यावर माझा विश्वास आहे, पण त्या दोरीला मी ओळखत नाही."

गाव्रिलानं यावर नीट विचार केला. "बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला. "देव त्यांना पदरात घेवो." आणि जमिनीवर बसूनच खायला लागला, सावकाश, मध्ये न बोलता, शेवटच्या दाण्यापर्यंत. तिबी त्याचा प्रत्येक घास खाली जाताना बघत होता.

मगातलं खाऊन झालं, चेरी संपल्या, मेणबत्ती आपली आपण विझली. गाव्रिलानं ओंडका काढून घेतला. जीप चारही चाकांवर जराशी डुलली आणि स्थिर झाली.

तेव्हा तिबीला भूक लागली. कुणाच्या नावाची नाही, नुसतीच.